शकुबाईची जीभ आणि पापडाची लाटी

वरकुट्याच्या खालच्या आळीत कुणाच्याही दारी पापडाचं पीठ कुटून झालं, की पहिली लाटी शकुबाईच्या तोंडात जाते. उडदाच्या पिठाची तेलात बुडवलेली ती गोळी गालात धरून शकुबाई डोळे मिटते, आणि पोळपाट-लाटणी घेऊन बसलेल्या साऱ्या बायका तिच्या तोंडाकडं बघत राहतात. जीभ दोनदा फिरली की निकाल. “खार हलका पडलाय, आजून चिमूटभर.” त्यावर अपील नाही.

ही जीभ ती माहेराहून घेऊन आली. वडलांची मेंढरं होती. त्यांना चाटायला खडेमीठ आणलं, की त्यातला पहिला खडा कोकरांच्या आधी शकूच्या गालात. तिचे मालक जोतीराम आबा अजून म्हणतात, “म्या बायको करून आणली, निगालं कोकरू.” असं म्हटलं की त्या दिवशी ताटात भाकरी जरा जोरात पडते.

तर या शकुबाईला मोतीबिंदू झाला. डावा डोळा आधीच अधू, त्यात उजवा पिकला. एकदा तिनं खुंटीवरच्या सदऱ्याला जेवायला हाक मारली. सदरा आला नाही, आबा आले. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण तिचे पापड आता कडेला जाड नि मधी फाटके व्हायला लागले, तेव्हा तिनं आपणहून लाटणं खाली ठेवलं. मग मात्र कुणी हसलं नाही.

शिमग्याच्या आधी आबांनी तिला एसटीनं बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी हाताला पट्टा बांधला आणि मान हलवली. वरचं बीपी एकशे शहाऐंशी.

“आजी, एवढ्या बीपीत डोळ्याला हात लावता येत नाही. ह्या गोळ्या रोज. आणि मीठ कमी. दिवसाला सगळं मिळून चहाचा एक चमचा, त्याच्यावर नाही. महिन्यानं या.”

घरी सून रोहिणीनं कारभार हातात घेतला. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, आमटी अळणी झाली. मुलगा विजयसिंह वालचंदनगरला कंपनीत कामाला. त्याच्या डब्यात हात घालायचं दोस्तांनी सोडून दिलं. आबांनी बाजारातून गुपचूप सैंधव आणलं. “उपासाला चालतंय म्हंजी बीपीला चालतंयच की.” शकुबाई ते ताकात सढळ हातानं घालायची. मीठ सोडलंय म्हणून आळीभर सांगायचीसुद्धा.

महिन्यानं बीपी एकशे ब्याऐंशी.

“गोळ्या चुकल्या का?”

“न्हाय बाई, एक बी न्हाय.”

“मीठ?”

“मिठाचं नाव काढू नगा. माझ्यापायी आख्खं घर गवत खातंय.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “बरं, काल सकाळपासून तोंडात काय काय गेलं, ते सांगा. त्यात मीठ असो, नसो.”

शकुबाईनं सांगितलं. चहा, भाकरी, अळणी भाजी, सैंधवाचं ताक. “आन् मग लाट्या.”

“कसल्या?”

“पापडाच्या. काल दोन घरची पिठं हुती. एका घरच्या पाच-सा.”

“आज ठमाबाईच्यात हायती,” आबांनी अगदी अभिमानानं सांगितलं.

“पापडात मीठ असतं ना, आजी?”

“आसतंय, पर ते पापडातलं. आन् जास्त करून तर पापडखारच आसतो.” हे शकुबाईनं असं सांगितलं, की जणू आता आपण सुटलो.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. “आजी, बीपी वाढवतो तो सोडियम. तो साध्या मिठात असतो, सैंधवात जवळजवळ तेवढाच असतो, आणि पापडखारातही असतो. खायच्या सोड्यातसुद्धा. जिभेला खारट लागो न लागो, अंगात गेला की पाणी धरून ठेवतो आणि रक्ताचा दाब चढतो. लाट्या बंद, तरच डोळा.”

येताना एसटीत शकुबाई खिडकीकडं तोंड करून बसली. बाहेरचं काही दिसत नव्हतंच. आबांनी शेंगा पुढं केल्या, तिनं विचारलं, “खाऱ्या हायत का?” त्यांनी पुडी परत खिशात ठेवली.

तिचा हिशेब सरळ होता. हात लाटण्यातनं गेलेला. आता जीभ पण काढून घेतली, तर आळीतल्या बायकांत बसायचं कशाला? शोभेला?

दुपारी ठमाबाईच्या अंगणात सगळ्या खोळंबल्या होत्या. ठमाबाईनं लाटी तेलात बुडवून तिच्या हातावर ठेवली. शकुबाईनं ती नाकाशी नेली, बराच वेळ धरली. मग अंदाजानं हात पुढं केला.

“ठमे, तूच बघ.”

तीस वर्षं ह्या मानावर डोळा ठेवून बसलेली ठमाबाई दचकली. “म्या?”

“मग? तुला जीभ न्हाय व्हय? एरवी तर लय चालती.”

बायका पदरात हसल्या. ठमाबाईनं लाटी खाल्ली, डोळे मिटले, पण निकाल काही सुचेना. शकुबाई तिथंच बसली. पायाच्या आंगठ्याला दोरा गुंडाळून त्यानं पिठाच्या लांब वळीच्या लाट्या कापू लागली. एकसारख्या. त्याला डोळे लागत नव्हते.

पुढच्या महिन्यात बीपी एकशे अठ्ठेचाळीस आलं. गोळ्यांचं काम होतंच, लाट्यांचंही होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं.

काळा चष्मा निघाल्यावर ठमाबाई नव्या पापडांचा डबा घेऊन बघायला आली. शकुबाईनं एक पापड उजेडासमोर धरला.

“ठमे, ह्यातनं पलीकडचं कायबी दिसना. पापड हाय का दशमी?”

“डोळा आला न्हाय तवर बोलाय लागली.”

“आन् रोहिणे, एक भाज बरं.” रोहिणीनं निखाऱ्यावर पापड भाजला. शकुबाईनं वाकून त्याच्यावरचे फोड बघितले. “फोड बारीक आल्यात. खार कमी पडलाय.”

“न चाखताच?”

“दिसतंय की.”

ठमाबाईनं तुकडा मोडून तोंडात घातला आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. निकाल बरोबर होता, हे आबांना तेवढ्यावरनं कळलं.

शकुबाईनं नखाएवढा तुकडा मोडून रोहिणीपुढं धरला. “एवढा चालतोय?”

“एवढाच, आत्या.”

तिनं तो गालात ठेवला, आणि डॉक्टरीणबाईंनी एवढ्या खटपटीनं उघडून दिलेला डोळा आधी मिटून घेतला.