पत्ता तर हाय की

वेल्डिंगचा दांडा हातात घेतला की चाचा आधी एवढंच म्हणायचे, "तोंड फिरवा."

समोर गिऱ्हाईक असो, चहावाला असो, रस्ता चुकलेली म्हैस असो, हाक एकच. मग काळी काच डोळ्यांपुढं धरायचे आणि निळा उजेड फुटायचा. हैदराबादकडं जाताना उमरग्याच्या हायवेला अशी पत्र्याची दुकानं तुम्ही पाहिली असतील. त्यातलंच एक त्यांचं. पण त्या ओळीतल्या दुसऱ्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. चाचांनी अर्धं आयुष्य समुद्रात काढलं होतं.

अरबी समुद्रात लोखंडी पायांवर तेलाच्या विहिरी उभ्या असतात. त्यांना ते रिग म्हणायचे. तिथं ते कंत्राटावर वेल्डर होते. काही आठवडे पाण्यावर, मग काही दिवस उमरग्यात. रजेवर आले की आमची गल्ली त्यांच्या ओट्यावर जमायची. आम्ही टँकरच्या गावची माणसं, आम्हाला समुद्राचं भारी अप्रूप.

"पाणी किती असतं हो चाचा?"

"बघून बघून तहान लागती इतकं. पर प्यायचं पाणी बोटीनं आणावं लागतंय." थोडं थांबून ते म्हणायचे, "म्हंजे तितं बी टँकरच."

माझ्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. वडील आडतीत हमाली करायचे. बारावीच्या वर्षी चाचांनी उरल्यासुरल्या अँगलचं एक टेबल करून मला दिलं. म्हणाले, "डुलत न्हाय बघ. टेबल डुललं की अभ्यास न करायला निमित्त भेटतंय." मी शिकलो, शाळेत शिकवायला लागलो, त्या दिवसापासून ते मला 'मास्तर' म्हणू लागले आणि 'तुम्ही' म्हणू लागले. मला अवघडल्यासारखं व्हायचं. पण त्यांनी ते सोडलं नाही.

गल्लीतल्या बालाजीला त्यांनीच समुद्रावर नेलं, हाताखाली मदतनीस म्हणून. नवीन लग्न झालेलं. निघताना बायको, सुमन, त्याच्या पिशवीत दाण्याचं कूट आणि गूळ भरलेल्या शेंगाच्या पोळ्यांचा डबा घालायची. बालाजीला त्याशिवाय करमायचं नाही. चाचांना शुगर. ते पोळीचा कोपरा मोडून जिभेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "झालं माझं. उरलेला समुंदर तुझा."

पुढची हकीगत चाचांनीच मला सांगितली. एकदाच सांगितली, तीही अँगल कापता कापता.

"इलेक्शन व्हतं, मास्तर. नव्या विहिरीला तेल लागलं, ते दाखवायला मोठा माणूस हेलिकॉप्टरनं येणार व्हता. खालच्या मजल्याचा कठडा गंजला व्हता. त्याचं काम माझ्याकडं. साहेब म्हणला, पाहुणे येस्तोवर ठिणग्या बंद, रंग मारून घ्या. मारला. गंजावर पिवळा रंग. लई झ्याक दिसायला."

मोठा माणूस आला, फोटो काढले, गेला. दुसऱ्या दिवशी बालाजी त्या कठड्याला टेकला.

ओरडणं ऐकून चाचा धावले तेव्हा कठडा तुटलेला होता आणि लाटांवर पिवळं हेल्मेट होतं. बोटी फिरल्या. माणूस सापडला नाही. चाचा परत आले ते कायमचे. हायवेला दुकान टाकलं.

कंपनीनं बालाजीला 'बेपत्ता' लिहिलं. आम्ही अर्ज केले. ते लिहायचं काम माझं. दर वेळी उत्तर तेच, देह मिळालेला नाही, सबब इसम बेपत्ता, कायद्यानं ठरलेली वर्षं थांबावं. एकदा मी चाचांना तो शब्द समजावून सांगायला गेलो.

"मास्तर, ह्यो शबुद आमच्या उर्दूतला. मलाच शिकवायलाव व्हय?" ते हसले. मग हसू गेलं. "ज्याचा पत्ता न्हाय त्यो बेपत्ता. बालाजीचा पत्ता तर हाय की. अरबी समुंदर. कुणी बी सांगंल."

त्यानंतर हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. कार्यालयातल्या शिपायाला, एसटीतल्या शेजाऱ्याला, दुकानात नुसत्या बिजागऱ्या घ्यायला आलेल्याला ते सांगायचे. लोक मान डोलवायचे आणि बिजागऱ्या घेऊन जायचे.

सुमन शाळेत खिचडी शिजवते. कपाळावर कुंकू आहे. भाद्रपदात घरोघर पितरं जेवू घालतात, तेव्हा तिच्या घरी सासऱ्याचं पान वाढलं जातं, बालाजीचं नाही. भावकीतले वडीलधारे म्हणजे तिचे चुलत सासरे, आप्पा. ते म्हणायचे, "जित्या माणसाचं पान वाढलं तर पाप लागतंय. चाचानं काय बघितलं? हेल्मेट. सरकारनं सांगू दे, मोठ्या माणसानं सांगू दे, मग वाढू."

आणि सुमन दर वर्षी चाचांच्या दुकानात येऊन एकच विचारायची. "चाचा, वाट बघू का पितर घालू? एवढंच सांगा मला."

चाचा सांगायचे, "घाल, पोरी." पण चाचा मोठा माणूस नव्हते.

मग यंदाची निवडणूक आली. समुद्रात नव्यानं तेल शोधणार, नव्या विहिरी पाडणार, पेट्रोल स्वस्त होणार, अशी हवा होती. जिथून समुद्र दिसायला एक रात्र गाडीत बसावं लागतं, त्या आमच्या जिल्ह्यात चौकाचौकात समुद्राचे फ्लेक्स लागले. त्यांच्या लोखंडी चौकटी चाचांच्याच दुकानात झाल्या. फ्लेक्स चढवताना चाचांनी मान वाकडी करून बघितलं. नेत्याच्या मागं रिग होती आणि रिगच्या मागं बर्फाचा डोंगर.

"ही आपली न्हाय," ते म्हणाले. "हितं लई थंडी हाय. नेत्याला स्वेटर तरी घाला."

त्या नेत्याच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष दुकानात आले. "चाचा, तुमी आमचे हिरो. तालुक्यातला माणूस समुद्रातनं तेल काढत व्हता, हे लोकास्नी कळू द्या. स्टेजवर बसायचं."

"बसतो की. पर एक काम हाय."

"पोराला नोकरी?"

"न्हाय."

"घरकुल?"

"न्हाय. साहेबांनी माईकवर म्हणायचं, तुमच्या गावचा बालाजी समुंदरात मेला. एवढंच."

तालुकाध्यक्ष विचारात पडले. "'मेला' नको चाचा, इलेक्शनमधी. 'प्राण अर्पण केले' चालंल का?"

"काय बी अर्पण करा. पर नाव घ्या."

दुसऱ्या बाजूचा माणूसही येऊन गेला. त्याला हवं होतं की चाचांनी त्यांच्या सभेत सांगावं, ह्यांनी बालाजीला मारलं. चाचा म्हणाले, "मारला का मेला ते नंतर बघू. आधी गेला तर म्हणा. तुमच्याच राज्यात रंग मारला व्हता कठड्याला." तो माणूस दाढी खाजवत निघून गेला.

सभेला गल्लीतले सगळे गेलो. चाचा इस्त्रीचा कुडता घालून स्टेजवर दुसऱ्या रांगेत बसले होते. सुमन बायकांत, पुढं. आप्पांना चाचांनी स्वतः बोलावून आणून पहिल्या ओळीत बसवलं होतं, कानांनी ऐकावं म्हणून.

नेते उशिरा आले आणि घाईत बोलले. "आपल्या समुद्रातलं तेल आता आपल्या गाडीत येणार!" मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या बोअरला पाणी लागंना अन् ह्यास्नी तेल लागलं." हशा पिकला. मग तालुकाध्यक्ष पुढं होऊन नेत्यांच्या कानात दोन नावं पुटपुटले. एक श्रद्धांजलीचं, एक सत्काराचं.

नेत्यांनी आवाज जड केला. "या मातीच्या सुपुत्रानं देशाच्या तेलासाठी समुद्रात प्राण अर्पण केले," असं म्हणून त्यांनी नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते चाचांचं नाव होतं.

"दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळं मैदान उभं राहिलं. चाचाही उभे राहिले, मान खाली घालून, स्वतःच्या श्रद्धांजलीला. पाठीमागं दोन पोरं तोंड दाबून हसत होती. मला वाटलं, आता तालुकाध्यक्ष सावरून घेतील. त्यांनी नेत्यांच्या हातात शाल दिली.

"आणि आता ज्यांनी समुद्रात काम केलं, ते आपल्या उमरग्याचे बालाजी यांचा सत्कार. बालाजी, पुढं या."

सुमन खाली बसली होती ती पुन्हा उठली. वळून मागं बघायला लागली. गर्दीत, मांडवाच्या खांबांत, पार रस्त्यापर्यंत. अर्धं मिनिट असेल. ते मी विसरू शकत नाही.

तालुकाध्यक्षांनी चाचांना पाठीवर हात ठेवून पुढं ढकललं. चाचांनी बालाजीची शाल अंगावर घेतली. फोटो निघाला. माईककडं त्यांनी हात केला तोवर घोषणा सुरू झाल्या होत्या आणि नेते पायऱ्या उतरत होते. धाराशिवला पुढची सभा होती.

मैदानाच्या बाहेर आप्पा वाट बघत उभे होते. "बघा," ते म्हणाले, "एवढा मोठा माणूस नावानं हाक मारायलाय. म्हंजे कुठं तरी जिता आसंल."

चाचा सुमनसमोर जाऊन ती शाल हातात धरून उभे राहिले. "पोरी, चुकलं."

"तुमचं न्हाय, चाचा," ती म्हणाली. शाल तिनं घेतली नाही.

मी तालुकाध्यक्षांकडं दोनदा जाऊन आलो. ते म्हणाले, "सर, दोन्ही नावं तर आली ना भाषणात? मागंपुढं व्हतंय." पुढं कोण निवडून आलं ते लिहीत नाही. काही फरक पडलेला नाही. फ्लेक्स फाटले, चौकटी दुकानात परत आल्या. चाचांनी त्या कापून कुणाच्या गोठ्याची दारं केली. गल्लीतली पोरं त्यांना 'मयत चाचा' म्हणायची. ते पोरांनाही म्हणायचे, "तोंड फिरवा." पण आता दांडा हातात नसतानाही म्हणायचे.

पोळ्याच्या आठवड्यात दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मातीला आख्खी गल्ली होती. बायका जात नाहीत, सुमन कोपऱ्यावर उभी होती.

भाद्रपदात तिनं मला जेवायला बोलावलं. सासऱ्याचं पान वाढलेलं होतं. त्याच्या शेजारी दुसरं पान होतं.

आप्पांनी विचारलं, "ह्ये कुणाचं?"

"चाचाचं."

"आपल्यात त्यांचं कसं वाढायचं?"

"साहेबांनीच सांगितलं की स्टेजवरनं, नाव घेऊन, समुद्रात गेले म्हणून. तुमी बी दोन मिनिटं उभं ऱ्हायला व्हताव, आप्पा."

मेलेल्या माणसाच्या पानाला आप्पा हरकत तरी काय घेणार. मी खाली बघितलं. भात होता, कढी होती, वडे होते, गवारीची भाजी होती. आणि मधोमध दोन शेंगाच्या पोळ्या, तूप सोडलेल्या.

चाचांना शुगर होती. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी सुमनकडं पाहिलं.

ती पान उचलून दाराकडं निघाली होती. माझ्याजवळ आल्यावर हळूच म्हणाली, "नाव कुणाचं बी घ्यावं, दादा. पत्ता तर हाय की."