अर्ध्या तारा

पन्नाशीनंतर मी मेंडोलिन शिकायला घेतलं, आणि तेही ब्लूज हे अमेरिकन संगीत वाजवायला. मोबाइलवर एक म्हातारा अमेरिकन आपल्या घराच्या ओट्यावर बसून वाजवताना दिसला होता. चाल दुःखाची होती, पण रडकी नव्हती. एक ओळ वाजवायची, तीच पुन्हा वाजवायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. कात्रपच्या फ्लॅटमध्ये सुट्टीच्या दिवशी मी त्या पहिल्या दोन ओळी घोटत बसायचो.

मेंडोलिन हे खरं तर माझ्या दादाचं वाद्य. तो उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहतो, पूर्वी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा मी अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे मालाची मापं तपासायला, नुकताच लागलो होतो. सासरची माणसं ऑफिसांतली. होणारी बायको हौसेने म्हणाली, "रिसेप्शनला तुमच्या दादांनी वाजवायला हवं हं." चमकीचा कोट घालून दादा त्या लोकांसमोर बसलाय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी पटकन म्हणालो, "त्याचं बोट कापलंय."

घरी येऊन दादाला हे सांगितलं. रिसेप्शनला तो डाव्या हाताच्या बोटाला बँडेज बांधून आला. सासऱ्यांनी काळजीने चौकशी केली, तर म्हणाला, "बरं आहे आता. मशीनमध्ये गेलं होतं." त्यानंतर आमच्या घरच्या कुठल्याच कार्याला त्याने मेंडोलिन आणलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी माझं मेंडोलिन घेऊन त्याच्याकडे गेलो. माफी मागायची हे निघतानाच ठरवलं होतं. पण धीर होईना, म्हणून आधी वाजवायलाच बसलो.

"कुणाची चाल ही?" त्याने विचारलं.

"अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची. जुनी आहे. बांधली कुणी, ते माहीत नाही."

"चाल झकास आहे रे. पण तू कारखान्यात माप घेतोस तशी वाजवतोयस. तुझा गंधार गेजमध्ये बसतो, गाण्यात नाही बसत."

त्याने वाद्य मांडीवर घेतलं. या चालीतला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधला आहे, तिथे पडदाच नाही, असं तो म्हणाला. तिथवर जायचं तर तार दाबून बाजूला ढकलावी लागते, आणि मेंडोलिनच्या जोडतारा सहजी सरकत नाहीत. म्हणून त्याने प्रत्येक जोडीतली एक तार काढली. "आम्ही ऑर्केस्ट्रात हेच करायचो." आठाच्या चार राहिल्या. मग त्याने कोमल गंधार दाबला, तार हळूच ढकलली. सूर वर चढला आणि मध्येच कुठेतरी थांबला. मी त्या बोटाकडे बघत होतो. त्यावर साधा व्रणही नव्हता.

माझी ओळ त्याने दोनदा वाजवली. तिसरी सुरू व्हायच्या आत मी बोललो, "दादा, तेव्हा मला तुझी लाज वाटली होती. माफ कर."

"माहीत आहे की. बँडेज मीच बांधलं होतं." तारेवरचं बोट त्याने काढलं नाही. "बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"थंडी पडली की ती अजून मला विचारते, बोट ठणकतं का म्हणून. दर वर्षी मी काहीतरी थाप मारतो. मला जे माहीत आहे ते मलाच सांगायला आलास होय?"

काढलेल्या तारांचं वेटोळं करून त्याने माझ्या हातात दिलं.

घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती. मी मेंडोलिन पिशवीतून बाहेर काढलं.

"अहो, अर्ध्या तारा कुठे गेल्या?"

"दादाने काढल्या. वाजवलंही त्याने."

"अगंबाई! बोट नाही ना दुखलं त्यांचं?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. "ते बोट कधी कापलंच नव्हतं," म्हणालो.

तिचा हात थांबला. मग मी पहिल्यापासून सांगायला लागलो.