बॉयलरशेजारची बाळंतीण

रोगाचे कोणतेही लक्षण सापडत नसताना कोंबडी खाणे का सोडते? गेल्या मे महिन्यात हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. त्याचे उत्तर सोपे होते. आम्हीच ते, अत्यंत मायेने, अवघड करून ठेवले.

इंग्लंडातल्या रीडिंग शहरातील आमच्या घरामागे तीन कोंबड्या आहेत. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा त्या हौसेने आणल्या; पण त्या झाल्या सासूबाईंच्या. सासूबाई स्वतः अंडे खात नाहीत. तरीही सकाळी खुराड्याचे दार त्याच उघडतात आणि साताऱ्याच्या मैत्रिणींना फोनवर नातवंडांच्या आधी कोंबड्यांची खुशाली सांगतात. तिघींपैकी तांबडी त्यांची विशेष लाडकी.

ही तांबडी एके दिवशी अंडी घालायच्या खोक्यातून बाहेरच येईना. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसून राहिली. तुरा फिकट दिसत होता. छातीवरची पिसे तिने स्वतःच उपटली होती. मी हातमोजे घालून तपासणी केली. तिला इतर दोघींपासून वेगळे ठेवले, पिसांखाली किडे आहेत का पाहिले, गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपली, अंडे अडकले आहे का तेही पाहिले. काही आढळले नाही. आढळले नाही म्हणजे काही नाहीच, असा अर्थ काढू नये, हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवले होते. त्यामुळे माझी काळजी उलट वाढली. मी पशुवैद्याकडे वेळ मागितली. ती मिळाली आठवड्याच्या अखेरीची.

हे ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला. शेजाऱ्यांचा कुत्रा त्याच दवाखान्यात गेला होता.

“तो परत आला नाही,” त्या म्हणाल्या. “तिथे सुई देतात. मला माहीत आहे.”

“अहो आई, तो फार म्हातारा झाला होता.”

“मग मी कोण आहे?”

“तोवर हिच्याकडे मी बघते,” म्हणून त्या कामाला लागल्या. अशी मलूल, अंग फुगलेली, एका जागी बसून असलेली बाई त्यांनी आयुष्यात अनेकदा पाहिली होती, आणि तिचे काय करायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. घर तापवणाऱ्या बॉयलरच्या उबदार कपाटात खोका आला. त्यात जुन्या सुती साडीच्या घड्या, घड्यांखाली गरम पाण्याची पिशवी, कोपऱ्यात ओव्याची पुरचुंडी. वारा लागू नये म्हणून कपाटाचे दार बंद.

माझे यजमान ऑफिसातून आले आणि कपाटात डोकावले. “आई, कानाला फडकं तेवढं बांधायचं राहिलं.”

“अळिवाची खीर दिली,” सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या. “चोच लावली नाही.”

घरातले शिजवलेले अन्न कोंबड्यांना घालण्यास इथे मनाई आहे, असे सांगून मी खीर उचलली. बाकी व्यवस्था मात्र मलाही योग्य वाटली, हे नमूद केले पाहिजे. पण वजनकाट्यावर तांबडी रोज हलकी होत होती.

दवाखान्यात जायच्या दिवशी खोका साफ करण्यासाठी मी तिला उचलून मागच्या हिरवळीवर ठेवले. ती क्षणभर दगडासारखी बसली. मग उठली, दाण्याकडे धावली, अधाशासारखी खात सुटली, घटाघटा पाणी प्यायली, मातीत लोळली. आणि तितक्याच लगबगीने बंद दारापाशी येऊन आत घ्या म्हणून ओरडू लागली. आजारी प्राणी असे वागत नाही.

पशुवैद्य तरुण बाई होत्या. त्यांनी तांबडीची छाती चाचपली, मग साडीच्या घड्या पाहिल्या, ओवा हुंगला आणि हसू दाबले. “ही आजारी नाही. हिला पिल्ले हवी आहेत. ऊब, अंधार आणि मऊ जागा मिळाली की ती उठणारच नाही.”

“सुई?” सासूबाईंनी मराठीतच विचारले.

मी भाषांतर केले. “सुई अजिबात नको,” पशुवैद्य बाई म्हणाल्या. “जाळीच्या तळाचा पिंजरा द्या. उजेड, खालून हवा, शेजारी दाणापाणी. बस्स.”

मराठीत अशा कोंबडीला खुडूक म्हणतात. शब्द मला ठाऊक होता. तशी कोंबडी कधी पाहिली नव्हती. एरवी खुडूक कोंबडी दिवसातून एकदा तरी खायला उठते. आम्ही दार बंद करून तिची तीही फेरी बंद केली होती.

सासूबाईंना सुई टळल्याचा आनंद झाला. जाळी मात्र पटेना. “बाळंतिणीला जाळीवर? वाऱ्यात?” दुसऱ्या दिवशी पाहते तो पिंजऱ्यात टॉवेलची घडी, त्यावर तांबडी समाधिस्थ.

“आई!”

“पाय दुखत असतील तिचे.”

“पाय दुखावेत, उठून उभं राहावंसं वाटावं, म्हणूनच तर ठेवलंय.”

त्यांनी टॉवेल काढून घेतला आणि दिवसभर माझ्याशी मोजकेच बोलल्या.

पण तांबडी उभी राहू लागली, दाणे टिपू लागली. छातीची ऊब उतरली, तेव्हा मी पिंजरा उघडला. ती बाहेर आली, अंग झटकले आणि खुराड्याकडे ढुंकूनही न पाहता गवतात शिरली. सासूबाई मागच्या पायरीवर मटकन बसल्या. “गेली गं, चरायला गेली,” एवढेच म्हणाल्या. काट्यावरचे वजन पुढे हळूहळू भरून आले.

आपल्याकडची कोंबडी अशी बसून राहिली, तर तिला उचलून उजेडात, गवतावर ठेवावे आणि ती खाते का हे पाहावे. खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. मी सांगितलेले एकाच कोंबडीवरून सांगितले आहे, आणि एका उदाहरणावरून नियम ठरत नाही. तेव्हा कृपया माझ्या शब्दावर विसंबू नका. स्वतः तपासून पाहा.