विमानात बोललेला नवस

माझ्या मुलाचं लग्न मी मोडलं ते विमानतळावर, इडली खाता खाता.

मुलगा आणि त्याला आवडलेली मुलगी, दोघं परगावी एकाच शहरात नोकरीला. मुलगी सीमेकडच्या जैन शेतकरी घरातली, आणि आम्ही कोल्हापुरातले, रविवारी मटण नसलं तर घरात आजारपण आहे का विचारणारे. तिची आई आणि मी, दोघी मिळून पोरांनी भाड्यानं घेतलेलं घर बघायला गेलो होतो. परत निघताना पोरांनी आम्हाला विमानतळावर सोडलं आणि दोघं कामावर गेली. तिकिटं त्यांनीच काढलेली, जागा शेजारी शेजारी.

पोरांची पाठ वळली आणि आमचं जुंपलं. विषय बकऱ्याचा. आमच्या घरात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रानातल्या देवीला बकरं कापतात आणि भाऊबंदांना जेवण घालतात. माझ्या लग्नात झालं, माझ्या सासूच्या लग्नात झालं. विहीण म्हणाली, "माझी पोरगी त्या मांडवात पाय ठेवणार न्हाय." मी फाटक्या तोंडाची. म्हटलं, "मग दुसरं घर बघा की." ती म्हणाली, "बघतो." झालं. मोडलं म्हणून पोरांना कोल्हापूरला पोचल्यावर सांगायचं, एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत झालं.

विमानात तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं, मी पट्टा आवळून बसले. विमान उडालं. खाली अजून घरांची छपरं दिसत होती तोवर ते एकदम एका कुशीवर कललं. तिच्या खांद्यावरून मला खिडकीत दुसरं विमान दिसलं. आभाळातला ठिपका नव्हे हो. एसटी स्टँडवर शेजारची गाडी दिसावी तसं. त्याच्या खिडक्या दिसत होत्या. मग आमचं विमान खाली गेलं आणि मागं कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं.

मला वाटलं, संपलं. अशा वेळी माणूस विचार करून बोलत नाही. सवयीनं तोंडात आलं ते मी बोलले, आणि मोठ्यानं बोलले. "आई, आम्हा दोघींना सुखरूप खाली उतरव, तुला बकरं देईन." विहिणीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या. डोळे गच्च मिटलेले. तशीच ती म्हणाली, "दोन देऊया, अक्का. दोन."

विमान सरळ झालं. वैमानिक काहीतरी सांगत होता, त्यातलं घाबरू नका एवढंच कळलं. आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही. पण खाली आमच्याकडचा ऊस दिसायला लागेपर्यंत हात काही तिनं सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. शेजारशेजारच्या धावपट्ट्यांवरून दोन विमानं एकाच वेळी उडाली आणि एकमेकांच्या वाटेत आली. वेळेवर सूचना मिळाली म्हणून निभावलं. मुलाचा फोन आला. रडत होता. म्हणाला, "आई, तुम्ही दोघी एकमेकींजवळ होता ते किती बरं झालं." लग्न मोडलंय हे सांगायला मला तोंड उघडवेना. मला, म्हणजे बघा.

त्यानंतर विहीण आली. एकटी, एसटीनं. खुर्चीच्या टोकावर बसली, चहाला हात लावला नाही. मला वाटलं, पोरांना कधी सांगायचं ते विचारायला आली असेल. पण ती म्हणाली, "अक्का, मला घास गिळत न्हाय. मुंगी बघून पाय टाकणारी बाई मी, आणि दोन जीव कबूल केले. तुम्ही एकच म्हणालता. दुसरं मी वाढवलं." कापावं तर पाप लागतंय, आणि नाही फेडावा तर नवस पोरांच्या मुळावर येईल, या दोन्हीच्या मध्ये ती अडकून पडली होती.

एरवी अशी संधी मी सोडली नसती, चांगली वर्षभर चिडवली असती. पण तिच्यापुढचा चहा तसाच गार झाला होता. आणि खरं सांगते, मरायच्या भीतीत ती माझ्या देवीला माझ्याबरोबर हाक मारत होती, हे आठवून मला तिची फार माया आली. म्हटलं, "फेडूया. कापायचं न्हाय. देवीच्या नावानं जिती सोडायची." असं कधीमधी आमच्याकडंही करतात, देवीला सोडलेल्या बकऱ्याला गावात कुणी हात लावत नाही.

दीर भडकले. "आजवर कुणी असा नवस फेडला न्हाय घरात," म्हणाले. मी म्हटलं, "विमानात तुम्ही न्हवता, देवी होती. तिनं दोघींचं ऐकलंय." ते तणतणत बाहेर गेले आणि संध्याकाळी दोन बकरी घेऊन आले. काळी, तुकतुकीत. माणूस तसा चांगला आहे.

रानात आम्ही दोघीच गेलो. नारळ फोडला, बकऱ्यांना कुंकू लावलं. पहिल्याचं दावं मी सोडलं. दुसऱ्याचं तिनं सोडायला घेतलं, पण गाठ काही सुटेना. मी पुढं झाले तर म्हणाली, "नको, माझं मी सोडतो." शेवटी खाली बसून दातांनी सोडली. बकऱ्यानं तिच्या पदराला तोंड लावून बघितलं आणि ते बांधावर चढलं.

ती दावं हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "अक्का, आणि लग्नाच्या वेळचं?"

"ते हेच की," मी म्हटलं. "मी बोलले ते नवसाचं, तुम्ही वाढवलं ते लग्नाचं. आता तिसरं कुठलं आणू? जेवणात आख्खा मसूर करू, भाऊबंद काय उपाशी मरत न्हाईत. तुम्ही मुहूर्त काढा."

ती तिथंच बांधावर बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पोरांना काय सांगायचं?"

"काय सांगायचंय," मी म्हटलं. "त्यांचं लग्न मोडलंतं, हे त्यांना कुठं ठावं हाय?"