दाराला लावलेला कान

आमचं लग्न डेन्मार्कमध्ये झालं, कारण भारतात दोन पुरुषांचं लग्न होत नाही. मग माझ्या नवऱ्याचा टूरिस्ट व्हिसा संपला. तो पुण्याला परतला आणि मी रेगेन्सबर्गला, माझ्या नोकरीवर. जर्मनीत आता असं लग्न केलेल्या नवऱ्यालाही कुटुंबाचा व्हिसा मिळतो. संशयसुद्धा सगळ्यांवर सारखाच. लग्न खरं की व्हिसापुरतं, हे तपासायला आम्हाला एकाच दिवशी बोलावलं. मला इथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात, त्याला मुंबईच्या जर्मन वकिलातीत.

समोरच्या बाई विचारत होत्या, आधी कोण उठतं, चहात साखर कोण घेतं. ‘तुमचा नवरा’ हे शब्द त्या इतक्या सहज म्हणाल्या, की पुढचा प्रश्न मी त्यांना पुन्हा विचारायला लावला.

“झोपेतल्या सवयी?”

“तो घोरतो. मी गाढ झोपतो.”

संध्याकाळी फोनवर आम्ही उत्तरं ताडून पाहिली. साखर जुळली, घोरणं जुळलं. मग तो म्हणाला,

“तुझ्याबद्दल मी खरं ते सांगितलं. तू झोपेत उठतोस. दाराला कान लावून उभा राहतोस. डोळे उघडे असतात.”

“कधी?”

“पुण्यात, नेहमीच.”

मी जर्मनीला येण्याआधी आम्ही पुण्यात एकत्र राहायचो; घरमालकांना मावसभाऊ असल्याचं सांगितलं होतं.

“मला बोलला का नाहीस?”

“एकदा तू तसा उभा असतानाच तुला विचारलं होतं, बाहेर कोण आहे? तू म्हणालास, हळू बोल, ते ऐकतायत.”

मी हसण्यावारी नेलं. पण सकाळी ऑफिसला निघताना फ्लॅटच्या पांढऱ्या दाराकडे नीट पाहिलं. माझ्या कानाच्या उंचीवर एक तेलकट, लांबट डाग होता. तेल मी केसांना रोज लावतो. ओल्या फडक्याने डाग पुसला. आठवड्याभरात तो परत आला. दाराबाहेर नुसता जिना, आणि त्या मजल्यावर दुसरं कोणीच राहत नव्हतं. तरी घरात एकटा असताना मी हळू आवाजात बोलू लागलो होतो.

व्हिसा मिळाला, तो आला. बेलपाशी आम्ही दोघांची आडनावं लावली. पहिले काही दिवस नुसते जेवण्यात आणि फिरण्यात गेले. मग एका सकाळी पोहे परतता परतता तो म्हणाला,

“काल तू परत उठलास.”

“कान लावला?”

“नाही. सरळ दार उघडलंस. जिन्यात कोणी नव्हतं. पण तू ‘या’ म्हणालास, आणि बाजूला सरकून उभा राहिलास. बराच वेळ. एकेकाला आत घेत असल्यासारखा.”

“मग?”

“मग येऊन झोपलास. दार मी लावलं.”