लायब्ररी लावली

बीडमध्ये गल्लोगल्ली सायबर कॅफे निघत होते, तेव्हा कापड दुकानावरची एक खोली आम्ही दोघांनी भाड्याने घेतली. दोघे म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला दोस्त. तो रोज नेकनूरहून एसटीने यायचा. एका खासगी क्लासच्या सराव परीक्षेचा निकाल एकाच सकाळी जिल्ह्यातल्या सगळ्या कॅफेंवर दाखवायचं काम आम्हाला मिळालं होतं. सर्व्हर पुण्यात भाड्याने घेतलेला. दोस्तालाही पुण्याचीच नोकरी चालून आली होती, आणि भरलेली बॅग त्याने खोलीच्या कोपऱ्यात आणून ठेवली होती.

"निकाल नीट लागला तर हितंच राहू," तो म्हणाला. "न्हाई तर म्या चाललो."

त्याच्याशिवाय मला ती खोली नकोच होती. पण हे त्याला कोण सांगणार?

आमचा जुना प्रोग्राम प्रत्येक गिऱ्हाइकामागे, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरमागे, एक वेगळा थ्रेड, कामाचा धागा, अडकवून ठेवायचा. गर्दी झाली की सर्व्हर आडवा. मग इंटरनेटवर शोधता शोधता मला नव्या तऱ्हेच्या लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग, सापडल्या, आणि मी खुर्चीतून उठलोच. त्यात एकच थ्रेड हजारोंना सांभाळत होता.

"आत्तापर्यंत आपण एकेकाचा फोन कानाला लावून बसत होतो," मी दोस्ताला म्हणालो. "आता ज्याचा मिस कॉल येईल, त्याच्याशी तेवढं बोलायचं."

"लई भारी हाय बे," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या दुमडून बसला.

अशा दोन लायब्ररी होत्या. कोणती लावायची यावरून आमचं इतकं जुंपलं, की खालचे दुकानमालक एकदा जिना चढून वर आले. "येवढं कावून भांडता? चौकातली लावा की. दिवाळी अंक बी भेटतेत."

पहिली लायब्ररी सुटसुटीत आणि वाऱ्यासारखी. दुसरी जरा जड, पण तिच्यात घड्याळ होतं: अमुक वेळ कुणी गप्प राहिला की ती कळवायची, मग त्याला सोडून देता यायचं. घड्याळाचं काय लोणचं घालायचं, असं आमचं एकमत झालं. समोरच्या कॅफेतल्या सगळ्या कॉम्प्युटरवरून चाचणी घेतली, त्यात पहिलीने दुसरीला धूळ चारली. मी आनंदाने टेबल बडवत होतो आणि तेवढ्यात लाईट गेली.

आमच्याकडे इन्व्हर्टर होता. समोरचा कॅफे मात्र अंधारात गेला. पण आमच्या पडद्यावर तिथली सगळी गिऱ्हाईकं अजून जोडलेलीच.

"बंद पडलेल्या मशिनी जित्या कशा दिसतेत?" दोस्ताने विचारलं.

कारण सरळ होतं. लाईट जाते तेव्हा कॉम्प्युटर सर्व्हरचा निरोप घेऊन जात नाही. सर्व्हर बिचारा वाट बघत बसतो. लाईट आली की तीच माणसं पुन्हा येणार, आणि सर्व्हरवरच्या मोजक्या जागा त्यांच्याच आधीच्या जोडण्यांनी अडवलेल्या असणार. पहिली लायब्ररी लिहिणाऱ्याच्या गावात भारनियमन नसावं. आम्ही पोट धरून हसलो आणि घड्याळवाली लावली.

निकालाच्या सकाळी आम्ही पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसलो. सुरुवात झकास झाली, आणि ऐन गर्दीत शिरूर कासारची लाईट गेली. पडद्यावरची तिथली गिऱ्हाईकं तशीच थिजून राहिली. मग घड्याळ चाललं आणि ती सगळी एकेक करून गळाली. जागा मोकळ्या झाल्या. थोड्या वेळाने शिरूरच्या कॅफेवाल्याचा फोन आला.

"लाईट आली," तो म्हणाला, "आन निकाल बी दिसाया लागला. पोरं नाचायलीत हितं."

मी दोस्ताला कडकडून मिठी मारली. संध्याकाळी त्याने कोपऱ्यातली बॅग उचलली. मी त्याच्याबरोबर स्टँडवर गेलो. पुण्याची गाडी लागलेलीच होती. तिच्या पलीकडून वळसा घालून तो नेकनूरच्या गाडीत चढला.

"आत कपडे हायती," खिडकीतून तो म्हणाला. "इस्त्री मोडली असंल. उद्या जरा उशिरा येतो."