कॅसेटवरचं शेवटचं गाणं

मित्रांनो, आज शिवाजीनगरला एका जुन्या कॅसेट-रेकॉर्डच्या दुकानात आम्ही सात-आठ मराठी मंडळी जमलो होतो. सगळे एका जुन्या सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझरवरच्या पॉप गाण्यांच्या, अल्बमचे चाहते. गाजलेली गाणी सोडून कॅसेटच्या मागच्या बाजूच्या गाण्यांवर वाद रंगला.

"अण्णा, तुम्हाला शेवटचं कसं वाटतं?" एकानं विचारलं.

"ऐकलंच नाही. आमच्या कॅसेटवर दादानं तिथे स्वतःचं भजन टेप केलं होतं," मी म्हणालो.

"मग तुमचाच अल्बम भारी!" सगळे हसले, मीही हसलो.

त्यांनी ते गाणं लावलं. सगळे डोलत होते. मी भजनाआधीच्या दादाच्या खोकल्याची वाट पाहत होतो.

दादा आता नाही, कॅसेटही नाही. संध्याकाळी देवापुढे एकटाच ते भजन म्हणायला बसलो. शेवटचं कडवं आठवेना. ते आता कुणाला विचारायचं?